हाऊसिंगची लांब बाजू

डोळा लागायच्या बेताला त्रिशलाला आधी आवाज सोडून जातात. पलीकडच्या कारखान्यातल्या लेथची घरघर पातळ होते. स्वयंपाकघरात आई डबे लावते आहे, तो खणखणाट दुसऱ्याच कुणाच्या घरातला वाटायला लागतो. तापलेल्या पत्र्याची मधूनच होणारी टणक् तेवढी उरते. श्रावणातलं ऊन आहे, हवा ओल्या फडक्यासारखी. शेडमध्ये जमिनीवर टाकलेल्या जीपच्या जुन्या सीटवर ती आडवी झाली आहे. शुक्रवार आहे, गल्लीतला दुकानवाला रसूल मुजावर नमाज आटोपून लोखंड कापायचं कटर घेऊन येणार आहे, आणि तो येईपर्यंत तिला एक गोष्ट ठरवायची आहे.

तिच्या एका हाताला एक हाऊसिंग आहे, पायांशी दुसरं.

हाऊसिंग म्हणजे गाडीच्या मागच्या दोन चाकांमधली लोखंडी नळी. नळीला मध्ये गोल पोट, पोटात दात्यांची चक्रं. इंजिनाची फिरकी लांब दांड्यानं मागे येते, या पोटात शिरते आणि दोन्हीकडच्या शाफ्टांतून चाकांपर्यंत जाते. हाताशी आहे ते हाऊसिंग दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जीपचं. ते आप्पांनी निवडलं, आप्पांनी घासलं. पायांशी आहे ते अँबॅसिडरचं. ते काल रसूलनं आणून टाकलं आणि म्हणाला, "ताई, नुसतं बघून ठेवा. मी काही बोलत नाही."

तो काही बोलला नाही यातच सगळं आलं.

शेडच्या मध्यावर ठोकळ्यांवर चढवलेली मॉरिस मोटार आहे. छोटी, लढाईच्या आधीची, मडगार्ड नसलेली. श्रीपाल मगदूम, म्हणजे त्रिशलाचे आप्पा, यांनी उद्यमनगरात आयुष्यभर जीपगाड्या दुरुस्त केल्या. हात थांबवायच्या वयात एका भातगिरणीच्या मागच्या अंगणातून त्यांनी ही मॉरिस उचलून आणली. तरुणपणी रद्दीत मिळालेल्या एका अमेरिकन मासिकात त्यांनी हॉट रॉड पाहिली होती. तिथली पोरं भंगारातली जुनी गाडी घ्यायची, तिचं जडजूड सगळं काढून टाकायची, वेगळं इंजिन बसवायची, गाडी जमिनीला टेकवायची आणि उधळायची. आप्पांना तशी एक करायची होती. नियम एकच. एकोणीसशे पन्नास साली एखाद्या पोराला भंगारात सापडली नसती अशी वस्तू या गाडीला लागणार नाही. त्या नियमात जीप बसत होती, नंतर आलेली अँबॅसिडर बसत नव्हती.

पण जीपच्या हाऊसिंगचं पोट मध्यावर नसतं. ते एका अंगाला सरकलेलं असतं, कारण जीपमध्ये इंजिनाची फिरकीच बाजूनं मागे येते. मॉरिसमध्ये ती सरळ मधून येते, अँबॅसिडरमध्येही. आणि चाळीस वर्षं जीपच बघितलेल्या आप्पांच्या डोळ्याला ते सरकलेलं पोट सरळ वाटत होतं. रुंदीला जास्त आहे ना, मग दोन्ही बाजूंनी सारखं कापू आणि बसवू, असं त्यांनी रसूलला सांगून ठेवलं होतं. सारखं कापलं तर पोट होतं तसंच कडेला राहणार, दांडा तिरका जाणार, तळाला घासणार. त्रिशलाला ते पहिल्या नजरेत दिसलं. ती पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवते, पाना धरायलाही तिला धड येत नाही. पण तिचा डोळा हे आप्पांचं हत्यार होतं. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ते तिला गाडीच्या मागे उभं करायचे आणि म्हणायचे, "त्रिशा, डोळा लाव." ती एक डोळा मिटून सांगायची, डावीकडं पडलंय, आता सरळ झालं. तिच्या शब्दावर ते नट आवळायचे.

आणि गेल्या दिवाळीत, डायलिसिसहून आल्यावर, शाल गुंडाळून, ते हाऊसिंग घासता घासता त्यांनी विचारलं होतं, "कसं दिसतंय?"

"एकदम बरोबर, आप्पा," ती म्हणाली होती.

होळीच्या आधी ते गेले. तोवर ते घासतच होते.

हात सीटवरून घसरतो, पलीकडे पडतो. तो उचलून घ्यावा असं तिच्या मनात येतं, आणि हाताला ते कळवायच्या आत झोप लागते.

*

वायर-ब्रशचा आवाज येतो आहे. खर्रर्र, थांबून पुन्हा खर्रर्र.

आप्पा पाटावर बसले आहेत. अंगात निळा डांगरी सूट, गुडघ्यांवर तेलाचे जुने नकाशे. दंड भरलेले आहेत. त्रिशला आधी दंड बघते. शेवटी शेवटी सुया टोचून तो हात दोरीच्या गाठींसारखा झाला होता. आता गाठी नाहीत.

"झोपलीस व्हय?" मान वर न करता ते विचारतात.

"नाही, पडले होते जरा."

"पड की. इथं कोण परीक्षा घेणार आहे." खर्रर्र. "पुण्यास्नं कधी आलीस?"

"काल."

"एसटीनं?"

"गाडीनं."

"कोण चालवलं?"

"मीच."

"मग म्हणूनच पडलीस." ते ब्रश आपटतात, गंजाची पूड झडते. "क्लच दाबून धरायची सवय गेली का न्हाई तुझी?"

ती हसते. हसताना तिला कळतं की ते गेलेले आहेत. हे तिला नीट माहीत आहे, जसं आज शुक्रवार आहे हे माहीत आहे. त्यांना ते माहीत आहे की नाही हे तिला कळत नाही, आणि विचारणं बरं दिसणार नाही असं वाटतं.

हाऊसिंग त्यांच्या मांडीवर आहे. तेवढं धूड मांडीवर मावणार नाही, पण मावलं आहे, आणि आप्पा एका हातानं त्याला आडवं धरून दुसऱ्या हातानं घासताहेत. लोखंड मासोळीसारखं चमकतं आहे.

"ये. डोळा लाव."

ती उठते. नेहमीच्या जागी, मागे जाऊन उभी राहते. एक डोळा मिटते. पोट कडेला आहे. इतकं कडेला की त्याच्याकडे बघताना तिचीच मान वाकडी होते.

"कसं दिसतंय?"

तिचं तोंड उघडतं. आत वाक्य तयार आहे, वापरून गुळगुळीत झालेलं.

"एकदम बरोबर, आप्पा."

"बास," ते म्हणतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच समाधान येतं. दिवाळीतलं. तिला ते बघवत नाही. ते पुन्हा घासायला लागतात आणि पूड पडत राहते, त्यांच्या पायांवर, पाटावर, फरशीवर. फरशी पांढरी आहे.

फरशी दवाखान्याची आहे. डायलिसिसच्या वॉर्डातले पलंग ओळीनं मांडलेले, प्रत्येकाशेजारी मशीन हळू आवाजात कुरकुरतं आहे. आप्पा पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले आहेत, जिथं ती बसायची. पलंगावर हाऊसिंग निजलं आहे. पोटापर्यंत चादर ओढलेली. दोन्ही टोकांना नळ्या लावल्या आहेत.

सिस्टर येते, चार्ट बघते. "यांच्याबरोबर कोण?"

"मी," आप्पा आणि त्रिशला एकदमच म्हणतात.

"जास्त बोलवू नका त्यांना. आराम पडू द्या." सिस्टर चादर नीट करते. पोट एका बाजूला असल्यामुळे चादर एका बाजूला फुगते, दुसरीकडं सपाट राहते. सिस्टर ती ओढते, पुन्हा ओढते, तिला ती सारखी करता येत नाही. शेवटी ती त्रिशलाकडं बघते, आणि काही न बोलता, रसूल बोलला नाही तशीच, पुढच्या पलंगाकडं जाते.

आप्पा चादरीकडं बघत राहतात.

"हे असं का दिसतंय गं?"

"कसं?"

"ह्या बाजूला टेकाड आलंय."

त्रिशलाला वाटतं आता आपण जागं व्हावं. ती तसा प्रयत्नही करते. पायाचा अंगठा हलवून बघते. अंगठा कुठंतरी दूर आहे.

"आप्पा, पोट मध्यावर नाही त्याचं."

"कुणाचं?"

"हाऊसिंगचं. जीपचं ना ते. मॉरिसला ते मध्ये लागतं. दोन्ही बाजूंनी सारखं कापलं तर ते कडेलाच राहील. दांडा तिरका जाईल."

मशीन कुरकुरतं. आप्पा चादर बाजूला करतात, वाकतात, आणि त्यांचा चेहरा असा होतो, जसा दुसऱ्या कुणाचं बिघडवून ठेवलेलं काम उघडून बघताना व्हायचा. आधी कपाळ आक्रसतं, मग ओठ. इतकी वर्षं तो चेहरा दुसऱ्यांच्या कामासाठी होता.

"आयला," ते म्हणतात. "खरंच की."

ती चादरीचं टोक हातात घेते.

"हे तुला आत्ता दिसलं?"

ती खोटं बोलू शकते. हो म्हटलं की संपलं. पण स्टुलावर बसलेला माणूस तिच्याकडं असा बघतो आहे, जसा नट आवळायच्या आधी बघायचा. पाना लावलेला, हात थांबलेला.

"नाही. दिवाळीतच."

"दिवाळीत."

"हो."

"मी इचारलं होतं तुला."

"हो."

"आणि तू काय म्हणालीस?"

तिला ते पुन्हा म्हणता येत नाही. आप्पाच म्हणतात, तिचा पुणेरी आवाज काढून, मान डोलावत. "एकदम बरोबर, आप्पा!" शेजारच्या पलंगावरचा कुणीतरी हसतो.

"तुम्ही बरे नव्हता."

"रक्त खराब होतं माझं. डोक्याला काय झालं होतं?"

"तुम्ही खूश होता, आप्पा. किती दिवसांनी. मला वाटलं..."

"खूश!" ते उभे राहतात. "मी काय पाळण्यातलं पोर होतो, खुळखुळा वाजवून गप करायला? गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचो, तुझी गाडी मेली, भंगारात घाल, आणि मला सांगायला माझ्या पोरीची जीभ उचलंना?"

"डॉक्टर म्हणाले होते, मनाला त्रास होईल असं काही..."

"डॉक्टरला काय कळतंय जीपमधलं!"

सिस्टर लांबून बोट ओठांवर ठेवते. आप्पा तिकडं बघत नाहीत. ते हाऊसिंग खांद्यावर टाकतात, दोन्ही नळ्या लोंबत असलेल्या, आणि वॉर्डाचं दार ढकलून बाहेर पडतात. त्रिशला चपला शोधते, सापडत नाहीत, ती अनवाणीच मागे धावते.

*

दाराबाहेर उद्यमनगरातली गल्ली आहे. दोन्हीकडं शटरं उघडी. वेल्डिंगच्या ठिणग्या, वंगणाचा वास, कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव. आप्पा पुढे, खांद्यावर हाऊसिंग. लग्नाच्या वरातीत पुढे चालावं तसे ताठ.

"ओ मगदूम, झालं का काम?" एक दुकानदार आतून विचारतो.

"हूं," आप्पा म्हणतात.

दुकानदार हाऊसिंगकडं बघतो, मग खाली बघतो, आणि हातातला नट उगाच पुसायला लागतो. पुढच्या दुकानातला तसंच करतो. त्याच्या पुढचाही. सगळी गल्ली वर बघते आणि खाली बघते. ठिणग्या विझतात. त्रिशलाला या लोकांच्या मागे मागे माफी मागत जावंसं वाटतं, पण नेमकी कशाची, हे सांगता येणार नाही.

रसूलच्या दुकानासमोर आप्पा थांबतात. रसूल आत पाठमोरा आहे. पाठ त्याचीच आहे, खांद्यावर फाटलेला तो सदराही.

"ह्याला पण माहीत होतं?" आप्पा हळूच विचारतात.

"हो. मला वाटतं, हो."

"तुला बोलला तो?"

"नाही. आम्ही कुणीच बोललो नाही."

आप्पा मान हलवतात. राग कुठंतरी गळून गेला आहे, आणि ते तिला रागापेक्षा वाईट वाटतं.

"म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत," ते म्हणतात. "आणि मी तेवढा शाल गुंडाळून, येड्यासारखा, घासत बसलोय. तुझी आई पण दूध आणून द्यायची. घ्या आणि घासा."

"आईला नव्हतं माहीत."

"तिला कशाला सोडलंस? सांगायचं होतंस की तिला पण. सगळी मिळून बघत बसला असता."

"आप्पा, असं नका बोलू."

"मग कसं बोलू?"

ते शेवटचे चार महिने, दर पंधरा दिवसांनी ती यायची आणि या शेडमध्ये त्यांच्याजवळ बसायची. ती सगळ्यांना सांगायची की आप्पांचं मन रमलंय. मैत्रिणींना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. सांगताना स्वतःचं कौतुकही वाटायचं तिला, थोडंसं, की आपण किती सांभाळून घेतो आहोत. ते कौतुक आता या गल्लीत, भर उन्हात, तिच्या अंगावर कुणाचा तरी मागून आणलेला कपडा असावा तसं लोंबतं आहे.

"मला भीती वाटली," ती म्हणते. "सांगितलं असतं आणि तुम्ही काम सोडून दिलं असतं तर? मग काय उरलं असतं तुमच्याकडं?"

आप्पा तिच्याकडं बघतात.

"मी काम सोडलेलं कधी बघितलंस?"

कधीच नाही. हे तिला तेव्हाही माहीत होतं.

*

ते बसले आहेत. कुठं, हे तिच्या लक्षात येत नाही; आधी शाळेच्या मैदानाची पायरी वाटते, मग घरातला ओटा. शेगडीवर दूध आहे. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाऊसिंग आडवं ठेवलं आहे आणि आप्पा त्याच्यावरून हात फिरवताहेत. म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा, निवांत, काहीतरी चाचपत.

"लांब बाजू कुठली?" ते विचारतात. आवाज बदललेला आहे. हा कामाचा आवाज.

"डावी."

"नक्की?"

ती उठते, एक डोळा मिटते. "डावीच. चांगली लांब आहे. उजवी आखूड आहे."

"मग उजवीला कशाला हात लावायचा?"

त्रिशला बघत राहते.

"अगं, रुंदी कमी करायचीय ना? मग सगळी डावीकडनंच काढ की. डावी उजवीएवढी झाली की पोट कुठं आलं?"

"मध्ये," ती म्हणते. तिचा आवाज तिलाच ऐकू येत नाही.

"मध्ये! आणि शाफ्ट? लांबाचा शाफ्ट कापायचा, परत दाते पाडायचे, ती कटकट कशाला? आखूड बाजूचाच शाफ्ट दोन्हीकडं घालायचा. जीपचे आखूड शाफ्ट ह्या गल्लीत पायाला लागतील. झालं की!" ते मांडीवर थाप मारतात. चेहरा असा उजळला आहे, तो तिनं किती वर्षांत पाहिलेला नाही. हे दिवाळीतलं समाधान नव्हे. ते निवलेलं होतं, यात धग आहे. भरलेल्या गॅरेजमध्ये सगळ्यांनी हात टेकल्यावर आप्पांना काहीतरी दिसायचं आणि ते ओरडायचे, सरका रे सगळे बाजूला!

"नियमात बसतंय," ते म्हणतात. "जीपच आहे. पन्नासच्या आधीची. तेव्हाचं पोरगं पण असंच कापील आणि घालील. काय म्हणतेस?"

"बसतंय," ती म्हणते. "आप्पा, किती सोपं होतं."

"दोन मिनिटांचं होतं."

दूध वर येतं. कुणी उठत नाही. ते उतू जात नाही, काठाशी येऊन तसंच थांबून राहतं.

"ती दोन मिनिटं मला पाहिजे होती, त्रिशा," आप्पा म्हणतात.

ते हे मनाला लागेल असं म्हणत नाहीत. पाना इकडं दे म्हणावं, तितक्याच साध्या आवाजात म्हणतात. आणि त्यामुळेच तिला त्याच्याखालून निसटायला जागा उरत नाही. चार महिने घासण्याचं काम तिनं त्यांना राहू दिलं. पण जे त्यांचं खरं काम होतं, अडलेलं सोडवायचं, ते तिनं त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं. तेही प्रेमानं, त्यांच्या खांद्यावरची शाल नीट करत.

"चुकलं माझं."

"हां, चुकलं." ते मान डोलावतात, पुढच्या कामाकडं वळावं तशी. क्षमा केली म्हणत नाहीत. नाही केली असंही म्हणत नाहीत. "हात दे इकडं."

"कशाला?"

"टेप कुठाय इथं? खूण करायचीय. दे."

ते तिचा हात धरतात. त्यांच्या तळव्याला पूर्वीचीच खरखर आहे, गरम आहे. तिची चार बोटं जुळवून ते डाव्या नळीवर, टोकाशी, आडवी टेकवतात आणि वरून दाबतात. लोखंड गार आहे. इतकं गार की तिच्या अंगावर शहारा येतो.

"एवढं काढायचं. जास्त न्हाई. आता डोळा लाव."

एक हात तिथं अडकलेला, मान वाकवून, ती एक डोळा मिटते.

"कसं दिसतंय?"

ती बघते. पुन्हा बघते. पोट आता कुठं येईल ते तिला दिसतं आहे, मॉरिसच्या बरोबर मधोमध. पण बोटं... बोटं नळीला काटकोनात नाहीत. आप्पांच्या हाताखाली ती जराशी कलली आहेत. थोडीच. न बोलता सोडून देता येईल इतकीच.



"तिरपं आहे," ती म्हणते.

"काय?"

"खूण तिरपी येतेय, आप्पा. तुमचा हात वाकडा पडलाय."

आप्पा वाकून बघतात. मग त्यांच्या पोटातून ते हसू सुरू होतं, जे आधी खांदे हलवायचं आणि मग बाहेर पडायचं.

"अगं मग आधीच सांगायचं न्हाई का!" ते म्हणतात, आणि हसतच राहतात, दुधाची वाफ त्यांच्या चेहऱ्यासमोर येते, आणि वाफेपलीकडं

*

"त्रिशला! अगं ए! रसूल आलाय."

आई शेडच्या दारात उभी आहे, हातात चहाची कपबशी. त्रिशला उठून बसते. पत्रा शांत झाला आहे, उन्हं भिंतीवरून खाली उतरली आहेत. गाल ओला आहे. घामानं की कशानं, हे तिला बघायचं नाही.

"कुणाशी तंडत होतीस झोपेत?" आई विचारते. "मला वाटलं फोनवर आहेस."

"काय म्हणत होते मी?"

"ते कळलं नाही बाई. पण सूर ओळखीचा होता. ह्यांच्याशी बोलताना लागायचा तसला." आई चहा खाली ठेवते आणि तिच्याकडं न बघता पदरानं सीटवरची धूळ झटकते. "घे, निवेल."

आई जाते. रसूल बाहेर वायर ओढतो आहे, कटरला लावायला. त्रिशला खाली पडलेला आपला डावा हात वर घेते. बधिर झाला आहे, मुंग्या येताहेत. बोटांच्या आतल्या बाजूला तांबूस रंग लागला आहे.

ती वळून बघते.

जीपच्या हाऊसिंगच्या डाव्या नळीवर, टोकाशी, चार बोटं उमटली आहेत. रसूलला खुणा करता याव्यात म्हणून सकाळीच तिनं पेट्रोलच्या बोळ्यानं नळीवरचं तेल पुसून काढलं होतं. उघड्या लोखंडावर, असल्या दमट हवेत, घामट हात इतका वेळ पडून राहिला, की गंज धरायचाच. यात काही नवल नाही. ती हे स्वतःला नीट समजावते. हातही तिचा, घामही तिचा. आणि डावी बाजू कापायची युक्तीही मग तिच्याच डोक्यातून आलेली असणार. दिवाळीतही ती तिथंच कुठंतरी असेल, दोघांनी मिळून शोधली असती तर सापडण्याजोगी. या विचारानं तिला मुळीच हलकं वाटत नाही.

ती टेप आणते. डावी मोजते, उजवी मोजते. फरक चार बोटांहून थोडा जास्त आहे. पण एका बाजूनं काढलं तर पोट मध्यावर येतं आणि रुंदी मॉरिसच्या चाकांना चालते. ती पुन्हा मोजते. चालते.

रसूल आत येतो, कटर खाली ठेवतो. आधी अँबॅसिडरच्या हाऊसिंगकडं बघतो, मग तिच्याकडं.

"मग ताई? कुठलं घ्यायचं?"

"जीपचं."

तो मान खाली घालतो. "आप्पांनी सांगितल्यासारखं? दोन्ही बाजूंनी?"

"नाही. नुसतं डावीकडून. उजवी अजिबात कापायची नाही. दोन्हीकडं आखूड शाफ्ट घालायचे."

रसूल तिथंच उकिडवा बसतो. नळीवरून नजर नेतो, पोटावरून पलीकडं, परत अलीकडं. त्याचे ओठ हलतात. मग तो टोपी काढून डोकं खाजवतो.

"च्यामारी," तो म्हणतो. "हे आधी..." आणि थांबतो.

"हो," त्रिशला म्हणते. "आपण त्यांना विचारायला पाहिजे होतं."

रसूल टोपी पुन्हा घालतो, बराच वेळ लावून, नीट. मग खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढतो आणि नळीकडं सरकतो. "हे गंजाचं काय झालंय, घासून घेतो आधी."

"राहू दे. तिथनंच कापायचंय. बोटांच्या थोडं आतून."

तो वाकून चार बोटांकडं बघतो. मान एका बाजूला करतो, मग दुसऱ्या.

"पण ताई, हे जरा तिरपं आहे."

"माहीत आहे," ती म्हणते. "सांगितलं मी त्यांना."